कुस्को आणि भोवतालचे इंका अवशेष : आधी खाली उतरा, मग वर चढा

पेरूतलं कुस्को ३,४०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त आणि लेहच्या जवळपास. देशाची राजधानी लिमा मात्र समुद्रकाठी वसलेली. तिथून निघालेलं विमान जेमतेम सव्वा तासात तुम्हाला या विरळ हवेत आणून सोडतं. त्याच दुपारी लोक शहर पाहायला बाहेर पडतात, रात्री डोकं धरून बसतात, दुसऱ्या दिवशी कसेबसे माचू पिचूच्या गाडीत बसतात, आणि परत आल्यावर कुस्कोसाठी त्यांच्याकडे अर्धा दिवस उरतो. इंकांची राजधानी ही अशी अर्ध्या दिवसात उरकायची जागा नव्हे.

म्हणून या लेखातला सगळा सल्ला एका गोष्टीभोवती आहे: क्रम उलटा करा. विमानतळावरून थेट खालच्या उरुबांबा खोऱ्यात जा, तिथून माचू पिचू करा, आणि कुस्को शेवटी ठेवा, किमान तीन रात्री हाताशी ठेवून. शरीराला उंचीची सवय होते हे एक कारण. दुसरं माझ्या मते जास्त मोलाचं आहे. खोऱ्यातलं अर्धवट राहिलेलं बांधकाम आधी पाहिलं, की कुस्कोच्या भिंती वाचता येऊ लागतात.

निघण्यापूर्वीची कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर पेरूचा पर्यटक व्हिसा लागतो आणि तो दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासातून मिळतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने वैध असलेला व्हिसा किंवा तिथलं कायम वास्तव्याचं कार्ड असेल, तर पेरूच्या व्हिसाची गरज पडत नाही. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना याचा मोठा फायदा होतो. नियम बदलू शकतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून खात्री करा. मुंबईहून लिमाला थेट विमान नाही. युरोपमार्गे जाणं सोपं पडतं, कारण अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी तिथला व्हिसा लागतो.

यलो फीवरच्या लशीबद्दल फार जण गाफील राहतात. कुस्को आणि माचू पिचूसाठी ती लागत नाही, अमेझॉनच्या जंगलात जाणार असाल तरच घ्या, असं तुम्हाला सांगितलं जाईल. पण आपल्याला विचार परतीचाही करायचा आहे. पेरू हा भारत सरकारच्या यलो फीवर यादीतला देश आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लशीचं प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस सरकारमान्य केंद्रातच, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची. प्रमाणपत्राचं ते पिवळं कार्ड आता आयुष्यभर चालतं.

कधी जावं? मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम. आकाश निळंशार, दुपारी ऊन कडक आणि जून-जुलैच्या रात्री पारा शून्याच्या आसपास. नोव्हेंबर ते मार्च पावसाचे महिने. त्यात जानेवारी-फेब्रुवारीत जोर जास्त, आणि चालत माचू पिचूला जाण्याची इंका वाट फेब्रुवारीभर बंद असते. २४ जूनला इंती रायमी, म्हणजे सूर्याचा सण. १९४४ पासून तो पुन्हा साजरा होऊ लागला. त्या आठवड्यात राहण्याचे दर चढतात आणि जागा मिळत नाही. सण पाहायचाच नसेल तर मे किंवा सप्टेंबर धरा.

तिकिटं कोणत्या क्रमाने काढायची

सगळ्यात आधी माचू पिचूचं प्रवेशतिकीट, मग आगगाडी, मग विमान आणि हॉटेलं. हा क्रम मोडू नका. प्रवेशतिकिटावर तारीख, वेळ आणि वाट ठरलेली असते आणि दिवसाला ठराविक लोकांनाच सोडतात. जून ते ऑगस्टसाठी काही महिने आधी सरकारी संकेतस्थळावरून ते काढावं लागतं. आत तीन मुख्य मार्ग आहेत. पहिला वरच्या बाजूने नजारा दाखवतो, तिसरा खालच्या भागातून नेतो. दुसऱ्यात वरून दिसणारं ते ओळखीचं दृश्यही मिळतं आणि वस्तीच्या आतूनही फिरता येतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने दुसराच घ्यावा. पासपोर्टवरचं नाव आणि क्रमांक तिकिटाशी तंतोतंत जुळला पाहिजे.

बाकी अवशेषांसाठी ‘बोलेतो तुरिस्तिको’ नावाचं एकत्रित तिकीट असतं. पूर्ण तिकीट दहा दिवस चालतं आणि त्यात सोळा ठिकाणं येतात: साक्सायवामान, केंको, पुका पुकारा, तांबोमाचाय, पिसाक, ओयांतायतांबो, चिंचेरो, मोराय, तिपोन, शिवाय शहरातली काही संग्रहालयं. परदेशी प्रौढांसाठी त्याची किंमत बरीच वर्षं १३० सोल (सोल हे पेरूचं चलन) राहिली आहे. ७० सोलची अर्धी तिकिटंही आहेत, पण ती एक-दोन दिवसच चालतात. दोन अर्धी घ्यायची वेळ येणार असेल तर सरळ पूर्ण घ्या. तिकीट अवशेषांच्या दारावर किंवा कुस्कोत एल सोल रस्त्यावरच्या कार्यालयात मिळतं. सोल रोख जवळ असू द्या. प्रत्येक ठिकाणी एकदाच आत सोडतात, म्हणून घाईत शिरू नका. कोरिकांचा, कॅथेड्रल, मारासची मिठागरं आणि माचू पिचू यात येत नाहीत. त्यांचे पैसे वेगळे.

उंची

पहिला दिवस फक्त पोहोचणं, जेवणं आणि झोपणं. चढावर धाप लागेल, झोप तुटक लागेल, भूक मंदावेल. हे बहुतेकांना होतं आणि दोन दिवसांत ओसरतं. पाणी भरपूर प्या, पहिले दोन दिवस दारू टाळा, हलकं जेवा. असेटाझोलामाइड ही गोळी उपयोगी पडते. पण ती घरून निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. रक्तदाब, हृदय किंवा फुप्फुसांचा त्रास असलेल्यांनी आणि आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांनी डॉक्टरांची ही भेट टाळू नये.

हॉटेलात शिरताच कोकाच्या पानांचा चहा पुढे येईल. अँडीजमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. पिऊन पाहायला हरकत नाही, पण पानं किंवा चहाच्या पुड्या सामानात घालून बाहेर नेऊ नका, भारतात आणि इतर बहुतेक देशांत त्यांना बंदी आहे. नोकरीत अमली पदार्थांची चाचणी होत असेल तर तो चहाही टाळा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. बसल्या जागी दम लागणं, फेसाळ कफाचा खोकला, तोल जाणं किंवा बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. ऑक्सिजन घ्या, डॉक्टर गाठा आणि खाली उतरा.

पहिला टप्पा : ओयांतायतांबो

विमानतळाच्या दारातून टॅक्सी ठरवून थेट ओयांतायतांबो गाठा. साधारण दोन तास लागतात. रस्ता वाटेत चिंचेरोच्या पठारावर चढतो आणि मग खोऱ्यात उतरतो. गाव २,८०० मीटरच्या आसपास, म्हणजे कुस्कोहून सहाशे मीटर खाली. पहिल्या रात्रीच्या झोपेत हा फरक कळतो.

बहुतेक सहली इथे तासभर थांबतात आणि निघून जातात. तुम्ही दोन रात्री राहा. इंकांनी आखलेल्या गल्ल्यांत लोक आजही नांदतात. गल्लीच्या कडेने दगडी पाटातून डोंगराचं पाणी खळाळत जातं. एका दारातून आत गेलं की अंगण आणि त्याभोवती घरं, ही इंकांची ‘कांचा’ नावाची रचना इथे अजून वापरात आहे.

सकाळी दार उघडताच अवशेषांच्या पायऱ्या चढा. वर गुलाबी दगडाच्या सहा प्रचंड शिळा ओळीने उभ्या आहेत, मध्ये अरुंद दगडी पट्ट्या बसवलेल्या. हे देवालय पुरं झालंच नाही. आता पाठ फिरवून नदीपलीकडचा डोंगर पाहा. या शिळा तिकडच्या काचिकाता खाणीतल्या. तिथून डोंगर उतरवून, नदी ओलांडून, पुन्हा चढणीच्या वाटेने वर ओढून त्या इथवर आणल्या. लोखंड नाही, चाकाची गाडी नाही, ओढायला बैल नाहीत. होते ते दोरखंड आणि राज्याची पाळीपाळीची श्रमसेवा देणारी माणसं. वाटेत सोडून दिलेल्या शिळा अजून पडून आहेत आणि लोक त्यांना ‘थकलेले दगड’ म्हणतात.

१९८० च्या दशकात ज्याँ-पियर प्रोत्झेन या वास्तुविद्येच्या प्राध्यापकाने या खाणींचा अभ्यास केला आणि नदीतल्या कठीण गोट्यांचे हातोडे करून स्वतः दगड घडवून पाहिले. ठोकून ठोकून दगडाला सपाट अंग येतं आणि खालच्या दगडात वरच्याच्या आकाराची खाच करून दोघांना एकमेकांत बसवता येतं, हे त्याने दाखवलं. त्यामुळे परग्रहवासी आले होते वगैरे सांगणारा वाटाड्या भेटला तर दुसरा शोधा. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हात झिजवले, त्यांचं श्रेय असं काढून घेणं मला मुळीच पटत नाही. दगडांच्या तळाशी बाहेर आलेले छोटे उंचवटे पाहून ठेवा. उचलताना, सरकवताना आधार म्हणून ते ठेवलेले असावेत. काम पुरं झालं की ते तासून टाकले जात. जिथे ते शिल्लक आहेत तिथे शेवटचा हात फिरायचा राहिला असावा.

याच पायऱ्यांवर स्पॅनिशांविरुद्ध उठलेला इंका राजा मांको इंका याने १५३७ मध्ये स्पॅनिश सेनानी एर्नांदो पिसारोच्या घोडदळाला मागे रेटलं. त्यासाठी नदीचं पाणी खालच्या मैदानात सोडलं होतं.

दुपारी समोरच्या पिंकुयुना डोंगरावरची इंकांची धान्यकोठारं पाहा. प्रवेश फुकट आहे, पण वाट चढणीची आणि अरुंद. ती उंच वाऱ्यावर का बांधली हे वर पोहोचल्यावर आपोआप कळतं: थंड, कोरड्या हवेत धान्य टिकतं.

दुसरा टप्पा : माचू पिचू

याबद्दल थोडक्यातच सांगते, कारण याची माहिती सगळीकडे मिळते. ओयांतायतांबोहून माचू पिचूच्या पायथ्याच्या अग्वास कालिएंतेस गावाला गाडी पावणेदोन तासांच्या आसपास घेते. गाडीत लहान बॅगच चालते, मोठी हॉटेलात ठेवून जा. खाली एक रात्र राहिलात तर सकाळची बस पकडून निवांत वर जाता येतं. माचू पिचू २,४३० मीटरवर आहे, म्हणजे इथे उंचीचा त्रास कमी. आत स्वच्छतागृह नाही, एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत सोडत नाहीत आणि पासपोर्ट सोबत लागतो. पावसाळ्यात दरडी कोसळून आणि एरवीही संपामुळे आगगाडी बंद पडू शकते. म्हणून माचू पिचूनंतर लगेच परतीचं विमान कधीही ठेवू नका.

तिसरा टप्पा : खोऱ्यातून कुस्कोकडे

परतताना दोन वाटा आहेत. पूर्वेची वाट पिसाकवरून जाते. तिथे टॅक्सीने वरच्या दाराशी उतरा आणि अवशेषांतून चालत गावात या. डोंगराच्या अंगावर वळत गेलेली पायऱ्यापायऱ्यांची शेतं, समोरच्या कड्यात शेकडो थडग्यांची भोकं आणि मध्यभागी सुबक घडणीची देवळं. चालायला दोन-तीन तास धरा. गुडघे दुखत असतील तर टॅक्सी वरच थांबवा.

पश्चिमेची वाट मारास, मोराय आणि चिंचेरोवरून येते. मारासला खारट झऱ्याचं पाणी हजारो छोट्या वाफ्यांत वळवून मीठ पिकवतात. हे वाफे गावातल्या कुटुंबांच्या मालकीचे आहेत. २०१९ पासून पर्यटकांना वाफ्यांमधून चालू देत नाहीत, वरच्या कठड्यावरूनच पाहायचं. मोरायला जमिनीत गोल गोल उतरत गेलेल्या पायऱ्या आहेत. वरच्या आणि खालच्या पायरीच्या तापमानात फरक पडतो, त्यामुळे इथे पिकांचे प्रयोग होत असावेत असं अनेक अभ्यासक मानतात. सगळ्यांना ते मान्य नाही. चिंचेरोत विणकर बायका लोकर रंगवून दाखवतात, त्यातला लाल रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यापासून येतो.

एकच वाट जमत असेल तर पिसाक निवडा. शेअर गाडी हवी असेल तर खोऱ्यात आपल्याकडच्या वडापसारख्या ‘कोलेक्तिवो’ चालतात: माणसं भरली की सुटतात, स्वस्त असतात आणि हात दाखवाल तिथे थांबतात. कुस्कोत पिसाकच्या गाड्या पुपुती रस्त्यावरून आणि ओयांतायतांबोच्या पावितोस रस्त्यावरून सुटतात. मोठं सामान असेल तर मात्र टॅक्सीच बरी.

चौथा टप्पा : कुस्को शहर

आता शहर. मुक्काम सान ब्लास भागात सुंदर, पण चढ जीवघेणा. सोबत ज्येष्ठ असतील तर प्लासा दे आर्मासच्या सपाटीवर राहा.

सुरुवात या चौकापासूनच करा. इंकांच्या काळात हा चौक आणखी मोठा होता आणि समारंभ इथेच होत. स्पॅनिश फौज १५ नोव्हेंबर १५३३ ला शहरात शिरली. शेवटचा इंका राजा तुपाक आमारू याला १५७२ मध्ये इथेच मारलं, आणि १७८१ मध्ये उठाव करणाऱ्या दुसऱ्या तुपाक आमारूलाही इथेच. कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाताने रंगवलेलं ख्रिस्ताचं अखेरचं भोजन आहे, त्यात ताटात गिनीपिग आहे. भूकंपाचा स्वामी म्हणून पुजला जाणारा, धुराने काळवंडलेला ख्रिस्तही इथलाच. १६५० च्या मोठ्या भूकंपात लोकांनी त्याची मूर्ती बाहेर काढली होती.

चौकातून लोरेतो गल्लीत शिरा. एका बाजूला सूर्याला वाहिलेल्या निवडक स्त्रियांच्या निवासाची भिंत, दुसऱ्या बाजूला आमारूकांचा या राजवाड्याची. इथे थांबून भिंत वाचायला शिका. चार खुणा आहेत. भिंत वर जाताना आत कलते. दारं आणि देवळ्या खाली रुंद, वर अरुंद असतात. दगडांच्या सांध्यात चुना नसतो. आणि देवालयासाठी दगडांचे सरळ, सारखे थर लावलेले असतात. सांध्यात चुना किंवा माती दिसली तर भिंत बहुधा नंतरची, किंवा जुनेच दगड उचलून पुन्हा रचलेली. वर पांढऱ्या रंगाचा मजला असतो तो स्पॅनिशांचा.

गल्ली संपली की कोरिकांचा. सगळ्या राज्यातलं सर्वांत पवित्र सूर्यमंदिर. स्पॅनिशांनी कैद केलेला इंका राजा आतावाल्पा याच्या सुटकेच्या खंडणीसाठी १५३३ मध्ये याच्या भिंतींवरचे सोन्याचे पत्रे उचकटून नेले. नंतर त्याच पायावर सांतो दोमिंगोचा मठ उभा राहिला. २१ मे १९५० च्या भूकंपात मठाचं मोठं नुकसान झालं, पण इंका भिंती टिकल्या, आणि पडझडीनंतर आतल्या झाकलेल्या खोल्याही उजेडात आल्या. बाहेरच्या बागेतून चर्चच्या खालची वळणदार काळी भिंत पाहा. मग तिकीट काढून आत जा आणि एका खोलीत उभं राहून दारांची रांग एका रेषेत कशी येते ते बघा. ओयांतायतांबोतला ओबडधोबड अपुरा दगड डोळ्यांसमोर आणा. त्या कामाचं पूर्ण रूप हे.

आतुन रुमियोक गल्लीतला बारा कोनांचा दगड पाहायला गर्दी असते. त्याला हात लावायला मनाई आहे, आणि ती पाळा.

पाचवा टप्पा : शहरावरचे चार अवशेष, उतरणीने

हा दिवस शेवटी ठेवा. टॅक्सीने किंवा पिसाककडे जाणाऱ्या गाडीने तांबोमाचायला जा. तिथून शहरापर्यंत आठेक किलोमीटर उतरत यायचं. तांबोमाचायला घडीव दगडांतून झरे पडतात. जवळच लालसर दगडांचं पुका पुकारा. या दोन्हींना फार वेळ लागत नाही. केंकोला एका अखंड खडकात नागमोडी पन्हळ कोरली आहे आणि खालच्या भेगेत दगडी वेदी आहे. आत एकदम गारवा जाणवतो.

उरलेला सगळा वेळ साक्सायवामानला द्या. करवतीच्या दात्यांसारख्या नागमोडी तीन भिंती एकावर एक. सर्वांत मोठे दगड शंभर टनांहून जड आहेत आणि तेही त्याच ठोकून घडवण्याच्या रीतीने एकमेकांत बसवलेले. स्पॅनिशांच्या ताब्यातल्या कुस्कोला १५३६ मध्ये घातलेल्या वेढ्यात मांको इंकाच्या सैन्याने ही जागा घेतली होती. ती परत मिळवताना एर्नांदोचा भाऊ हुआन पिसारो मारला गेला. नंतर कित्येक शतकं शहरातली घरं आणि चर्च बांधायला इथले दगड नेले गेले. ज्या शिळा हलवताच आल्या नाहीत, त्याच आज उभ्या आहेत. आधी खालच्या मैदानातून भिंतींच्या पायथ्याने चाला, मग वर चढून बुरुजांचे गोल पाये पाहा, आणि संध्याकाळच्या कलत्या उन्हात, साडेपाचला दार बंद होण्याआधी, सान ब्लासच्या बाजूने शहरात उतरा. टोपी, सनस्क्रीन आणि पाणी सोबत हवंच, वाटेत सावली फार कमी.

जेवणाचं

शाकाहारी असाल तर नुसतं ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही, कारण त्यात कोंबडी आणि मासा धरत नाहीत. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं पूर्ण म्हणा. सूप किनोआचं दिसलं तरी पाणी कोंबडीचं असू शकतं, म्हणून ‘काल्दो दे पोयो?’ असं विचारा. चोक्लो कोन केसो, म्हणजे टपोऱ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि चीज, हे रस्त्यावरचं उत्तम खाणं. बटाटा या प्रदेशातलाच, आणि सान पेद्रो बाजारात जांभळे, पिवळे, गाठाळ असे त्याचे कितीतरी प्रकार दिसतील. तिथेच ‘किविचा’च्या वड्या घ्या. हा आपल्या राजगिऱ्याचा सख्खा भाऊबंद. चढउताराच्या दिवशी खिशात ठेवायला यासारखं काही नाही. नळाचं पाणी पिऊ नका.

लोकरीची खरेदी एल सोल रस्त्यावरच्या पारंपरिक वस्त्रकला केंद्रात करावी. किंमत बाजारापेक्षा जास्त असते, पण प्रत्येक कापडावर विणणारीचं नाव असतं. बाजारात ‘बेबी अल्पाका’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त शाली बहुधा कृत्रिम धाग्याच्या. लामा घेऊन नटून उभ्या असलेल्या बायकांचा फोटो काढायचा असेल तर आधी दर विचारा आणि दोन-चार सोलची नाणी तयार ठेवा. परतीचं कुस्को–लिमा विमान सकाळचं घ्या. लिमाहून पुढचं आंतरराष्ट्रीय उड्डाण त्याच रात्री असेल तर मध्ये किमान पाच-सहा तास सोडा, आणि पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा.